मांडीतला मुका मार: रगडू नकोस, गुडघा मोज

पत्र: डॉक्टर ताई, मी १९ वर्षांची आहे. प्रभादेवीला राहते, आमच्या मंडळाच्या महिला कबड्डी संघात चढाई करते. गेल्या गुरुवारी सराव सामन्यात पकडीच्या वेळी समोरच्या मुलीचा गुडघा माझ्या उजव्या मांडीवर पुढून जोरात बसला. पायातला जीवच गेला. पण तिसरी, म्हणजे गुण आणावाच लागेल अशी चढाई होती, म्हणून उठले आणि नंतरही दोन चढाया केल्या. रात्री मांडी टम्म फुगली. आईने गरम पाण्याने शेकलं. दुसऱ्या दिवशी संघातल्या एका मोठ्या ताईने ‘साखळलेलं रक्त मोडायला’ गरम तेलाने रगडून दिलं, त्यानंतर ठणका वाढला. केमिस्टकडून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून घेतल्या. आज सहावा दिवस. पालथं झोपून पाय दुमडला तर नडगी उभी होण्याच्या आतच अडकते. काल गुडघ्याच्या आतल्या बाजूला हिरवं-निळं दिसायला लागलं, तिथे तर मला लागलेलंच नाही. मार खाली सरकतोय का? एक्स-रेमध्ये हाड ठीक आहे, त्यामुळे आई म्हणते, मग एवढं काय. एकजण म्हणतो, सुईने रक्त काढून टाक. सरांना अजून सांगितलेलं नाही. मांडी दाखवायची लाज वाटते आणि १२ दिवसांनी स्पर्धा आहे, नाव कापलं जाईल अशी भीतीही आहे. मी खेळू शकेन का?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

सगळ्यात आधी एक सांगते. आजपासून त्या मांडीला कुणीही तेल लावून रगडायचं नाही. मोठ्या ताईने नाही, आईने नाही, तू स्वतःही नाही. शेकणंही बंद. कारण पुढे सांगतेच, पण पत्र अर्धवट वाचून ठेवलंस तरी एवढं लक्षात राहू दे.

आता गुडघ्याजवळच्या हिरव्या-निळ्या डागाबद्दल. मार खाली सरकलेला नाही, रक्त सरकलंय. मांडीत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून जे रक्त सांडतं, ते उभं राहिल्यावर, चालल्यावर स्नायूंच्या मधल्या फटींतून खाली उतरतं आणि गुडघ्यापाशी कातडीखाली दिसायला लागतं. म्हणून ते चार-पाच दिवसांनी दिसतं, आणि जिथे लागलं नाही तिथे दिसतं. पुढे ते हिरवट, मग पिवळं, मग तपकिरी होत जाईल. शरीर त्या रक्तातला लाल रंग मोडून शोषून घेत असतं, त्याच्या या पायऱ्या आहेत. खरं सांगायचं तर हा डाग पाहून मला थोडं बरं वाटलं. काही वेळा रक्त स्नायूच्या आवरणाच्या आतच कोंडून राहतं. बाहेर कातडी स्वच्छ, आणि आत मांडी दगडासारखी. तसला मार जास्त दुखतो, जास्त दिवस घेतो. तुझ्या बाबतीत निदान काही रक्ताला तरी बाहेर पडायला वाट मिळाली आहे.

आईचा प्रश्न मात्र अर्धाच बरोबर आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, स्नायू दिसत नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा मोठा गट आहे, त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. गुडघा सरळ करणं हे त्याचं मुख्य काम. बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना, मध्यरेषेकडे झेप घेताना, कुणी पट काढायला, म्हणजे पाय पकडायला आलं की पाय झटकून सोडवताना तू त्याच्याच जिवावर खेळतेस. या चौघांपैकी सगळ्यात आतला स्नायू मांडीच्या हाडाला अगदी लागून असतो. समोरून गुडघा आदळला की वर वरवंटा, खाली पाटा, आणि मधे हा स्नायू. त्यामुळे बरेचदा वरच्या थरांपेक्षा आतल्या थराचंच जास्त नुकसान होतं, आणि म्हणूनच वरून पाहून मार किती खोल गेलाय ते कळत नाही. स्नायू आवळलेला असताना धक्का बसला तर तो बराचसा पेलतो. सैल असताना, किंवा सामन्याच्या शेवटी दमलेला असताना बसला तर तोच धक्का आतपर्यंत जातो.

मग किती लागलंय हे ओळखायचं कशावरून? दुखण्यावरून नाही, कारण दुखणं माणसागणिक वेगळं असतं आणि गोळीने झाकलं जातं. रंगावरूनही नाही, ते तू आत्ताच पाहिलंस. गुडघा किती वाकतो, यावरून. १९७३ साली अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या डॉक्टरांनी तिथल्या तरुण खेळाडूंच्या अशा मारांची जी वर्गवारी मांडली, तीच आजही वापरली जाते. मार बसल्यानंतर एक-दोन दिवसांनी गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकत असेल तर मार सौम्य. ४५ ते ९० च्या मधे अडकत असेल तर मध्यम. ४५ च्याही आत असेल तर गंभीर. तू लिहिलंस की पालथं झोपल्यावर नडगी उभी होण्याच्या आतच अडकते. नडगी जमिनीला काटकोनात उभी राहिली म्हणजे ९० अंश. तुझा सहावा दिवस आहे आणि तरी तू त्याच्या आत आहेस. म्हणजे मार निदान मध्यम आहे, आणि शेकण्या-रगडण्याने तो लांबला आहे.

वेस्ट पॉइंटमध्येच पुढे आणखी एक अभ्यास झाला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य माराला सरासरी १३ दिवस, मध्यमला १९ आणि गंभीरला २१ दिवस लागले. ही सगळी मुलं लष्करी शिस्तीतली होती, बहुतेकांवर लवकर आणि नीट उपचार झाले होते. तुझी स्पर्धा मार बसल्यापासून अठराव्या दिवशी येते. आकडे तूच शेजारी ठेवून बघ. मला तुला खोटा दिलासा द्यायचा नाही. या स्पर्धेत तू उतरणं कठीण दिसतंय. अशक्य म्हणत नाही, कारण काही पाय अपेक्षेपेक्षा लवकर सुधारतात. पण निर्णय तारखेवर होणार नाही, गुडघ्यावर होईल.

पहिल्या दोन दिवसांत काय व्हायला हवं होतं ते आता लिहिते. तुला बोल लावायला नाही. हे पत्र तुझ्या संघातल्या बाकीच्या मुलीही वाचतील, आणि मुंबईत कुठल्या तरी मॅटवर किंवा मातीत आज संध्याकाळीही कुणाच्या तरी मांडीवर गुडघा बसणार आहे.

मार बसला की खेळ तिथेच थांबवायचा. आतल्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, आणि प्रत्येक चढाईबरोबर स्नायूत रक्ताचा पुरवठा वाढतो, म्हणजे गळतीही वाढते. तू केलेल्या त्या दोन चढायांचा गुण मिळाला असेल, पण रात्री मांडी टम्म फुगली त्यात त्यांचा वाटा आहे. मग लगेच, शक्य झालं तर पहिल्या दहा मिनिटांत, गुडघा दुमडून ठेवायचा. हे ऐकून मंडळात सगळे चकित होतात. आपल्याकडे पाय सरळ ताणून, खाली उशी देऊन झोपवायची पद्धत आहे. मांडीच्या पुढच्या माराला नेमकं उलट करावं लागतं. गुडघा दुमडला की पुढचा स्नायू ताणला जातो, आतली पोकळी दाबली जाते, रक्त साठायला जागा उरत नाही. शिवाय स्नायू आखडून बसत नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या डॉक्टरांनी २००६ साली याचे निष्कर्ष छापले. मार बसल्याबसल्या गुडघा १२० अंशांत दुमडून, तसाच बांधून २४ तास ठेवलेले तरुण सरासरी साडेतीन दिवसांत खेळायला लागले. टाच नितंबाकडे आणून मांडी आणि नडगी एकत्र रुंद क्रेप बँडेजने बांधायची. फक्त, दुखत असताना जबरदस्तीने दुमडायचं नाही. जिथपर्यंत आरामात जातो तिथपर्यंतच. आणि पावलाला मुंग्या आल्या किंवा पाऊल गार पडलं तर लगेच सोडायचं.

सोबत बर्फ. पातळ ओल्या फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पहिले दोन दिवस. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. मांडीला १५ सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज, गुडघ्याच्या वरून सुरू करून जांघेकडे, खाली थोडं घट्ट आणि वर सैल. हल्ली बर्फाबद्दल उलटसुलट वाचायला मिळतं. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ साली लोकप्रिय करणाऱ्या गेब मर्किन या डॉक्टरांनीच पुढे लिहिलं की बर्फाने भरून येण्याचं काम मंदावू शकतं. ते खरं असू शकतं, म्हणून आठवडाभर बर्फ लावत बसू नये. पण मांडीत ताजं रक्त सांडत असताना पहिल्या एक-दोन दिवसांत बर्फाने ठणका कमी होतो आणि रात्रीची झोप मिळते. तेवढ्यासाठी मी तो सांगतेच. आणि लागलेली मुलगी लंगडत असेल तर घरी जाताना आधाराला काठी किंवा कुबडी द्यायची. मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून गर्दीच्या लोकलमध्ये चढवायचं नाही.

शेक, गरम तेल, रगडणं, दारू, धावणं हे सगळं पहिले तीन दिवस पूर्ण वर्ज्य. गरमीने रक्तवाहिन्या रुंदावतात. रगडल्याने नुकत्या बुजायला लागलेल्या जखमा पुन्हा उघडतात. दारूचं तुला सांगायची गरज नाही, पण मुलांच्या संघांत जिंकल्यावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या रक्तातल्या गोठवणाऱ्या कणांचं काम कमी-जास्त रोखतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांत त्या टाळून साधी पॅरासिटामॉल घेतलेली बरी. आता सहाव्या दिवशी तो धोका मागे पडलाय, पण केमिस्टला विचारून गोळ्या चालू ठेवू नकोस. गोळीने दुखणं झाकलं की तू स्नायूला जास्त राबवशील.

‘साखळलेलं रक्त मोडून काढणं’ हा समज आपल्याकडे फार खोल आहे, आणि तो प्रेमापोटीच येतो. ज्या ताईने तुझी मांडी रगडली तिला कुणी तरी तसंच रगडलं असणार. पण ते रक्त बोटांनी मोडत नाही, शरीर ते आतून शोषतं. रगडण्याने जी गोष्ट होऊ शकते ती फार वाईट आहे, आणि या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते.

दुखावलेल्या स्नायूत कधी कधी हाड तयार होतं. खरंखुरं हाड, मांसाच्या आत. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. जखम भरून काढणाऱ्या पेशी वाट चुकतात आणि स्नायूऐवजी हाड घडवायला लागतात. १९९१ च्या त्या अभ्यासात साधारण ९ टक्के मुलांना हे झालं. ज्यांना झालं त्यांच्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. गुडघा १२० अंशांपर्यंत वाकत नव्हता. उपचार तीन दिवसांपेक्षा उशिरा सुरू झाले होते. त्याच मांडीला आधी कधी मार बसला होता. गुडघ्याच्या सांध्यातही पाणी भरलं होतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुझ्याकडे आहेत. त्यात सुरुवातीलाच रगडणं झालंय, आणि तेही धोका वाढवतं असं खेळाडूंवर उपचार करणारे बहुतेक डॉक्टर मानतात. उरलेल्या दोन गोष्टी तू कळवल्या नाहीस, त्या आठवून डॉक्टरांना सांग.

हे घाबरवायला लिहीत नाही. ज्यांना होतं त्यांच्यातल्या बहुतेकांचं ते शस्त्रक्रियेशिवाय निवळतं, मात्र त्यात महिने जातात. ओळखायचं असं: दोन-तीन आठवडे होत आले तरी मांडीत टणक गाठ लागते, सकाळी मांडी आखडलेली असते, आणि गुडघा रोज थोडा जास्त वाकायच्या ऐवजी कमी वाकायला लागतो. एक्स-रेमध्ये ते साधारण तीन-चार आठवड्यांनी दिसायला लागतं, म्हणून तू काढलेला एक्स-रे याबाबत काहीच सांगू शकत नाही. सोनोग्राफीत ते आधी दिसतं. एक गोष्ट आईलाही वाचून दाखव: अशी गाठ कधी कधी हाडाच्या कर्करोगासारखी भासते. त्यामुळे जो कुणी डॉक्टर तपासेल त्याला मार कधी, कसा बसला ते तारखेसह सांगायचं. आणि ते हाड कापून काढायची घाई कुणी सुचवली तर दुसरं मत घ्यायचं. पूर्ण पक्व व्हायला त्याला सहा महिने ते वर्ष लागतं, त्याआधी काढलं तर ते पुन्हा वाढू शकतं.

आता आजपासून काय. येत्या एक-दोन दिवसांत अस्थिरोग तज्ज्ञांना किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना भेट आणि मांडीची सोनोग्राफी होऊ दे. रक्ताचा गोळा केवढा आहे, स्नायूच्या आत कोंडलाय की बाहेर आहे, स्नायू कुठे फाटलाय का, हे त्यात कळेल. खर्चाचा प्रश्न असेल तर केईएम, नायर किंवा शीवचं पालिका रुग्णालय आहे. तिन्हीकडे अस्थिरोग आणि फिजिओथेरपी विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढ, सोबत तो एक्स-रे ने. सुईने रक्त काढण्याचं म्हणशील तर बहुतेक वेळा ते लागत नाही. पहिल्या दिवसांत रक्त गोठून जेलीसारखं झालेलं असतं, सुईत येतच नाही, आणि जंतू आत जायची भीती असते. मोठा गोळा कोंडलेला दिसला तर सोनोग्राफीत बघत डॉक्टरच तो निर्णय घेतील. मंडळातल्या कुणाच्या ओळखीच्या माणसाने तर मुळीच नाही.

घरी रोज सकाळी, उठल्यावर, एक मोजमाप घ्यायचं. पालथी झोप. आधी डावा पाय दुमड आणि टाच व नितंब यांच्यात किती अंतर राहतं ते आईला शिवणकामाच्या टेपने मोजू दे. मग उजवा, दुखायला लागेल तिथपर्यंतच. दोन्ही आकडे वहीत. उजवीकडचा आकडा दिवसागणिक कमी होत गेला पाहिजे. दोन दिवस सलग वाढला तर तू काही तरी जास्त करते आहेस, किंवा आत काही तरी बिनसतंय. फिजिओलाही ही वही दाखव, तिच्या फार उपयोगी पडेल.

व्यायाम अगदी साधे सुरू होतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. पायात मोजा घालून गुळगुळीत लादीवर टाच हळूहळू स्वतःकडे ओढायची. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. हे न दुखता जमलं की स्थिर सायकल, सीट उंच ठेवून, ताण न लावता. सीट उंच असली की गुडघा कमी वाकवावा लागतो, पुढे सीट खाली आणत जायचं. दुसऱ्या कुणी पाय धरून दाबून वाकवायचा नाही. वाकणं तुझ्या स्वतःच्या ताकदीने आणि तुझ्या मर्यादेत वाढलं पाहिजे. जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं सध्या नको, जेवायला खुर्चीवर बस. देशी संडास असेल तर काही दिवस त्यावर प्लास्टिकची कमोड खुर्ची ठेवता येते. ती औषधांच्या दुकानात मिळते. स्टेशनचा जिना चढताना आधी डावा, म्हणजे चांगला पाय. उतरताना आधी उजवा. काठी असेल तर ती डाव्या हातात. आणि जोवर लंगडतेस तोवर गर्दीच्या वेळेची लोकल टाळ. पायदानावर चढताना कुणाची पिशवी किंवा कोपर त्याच जागी बसलं तर सहा दिवसांचं काम परत पहिल्यापासून.

नंतरच्या पायऱ्या फिजिओ ठरवेल, पण अंदाज यावा म्हणून सांगते. खुर्चीवरून एका पायाच्या जोरावर उठणं, पायरीवर चढ-उतार, भिंतीला पाठ टेकून बसणं. मग शिवाजी पार्कच्या मातीत सरळ रेषेत हळू धावणं, डांबरी रस्त्यावर नाही. मग वेग, मग अचानक थांबणं आणि वळणं. कबड्डीत खरी परीक्षा मागे सरकताना आणि दिशा बदलताना होते, म्हणून ती सगळ्यात शेवटी. त्याच्याही नंतर, मैत्रिणीशी ठरवून, हळूच अंगाला अंग लागणारा सराव. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या सकाळचं मोजमाप बघायचं. अंतर वाढलेलं दिसलं की एक टप्पा मागे.

मॅटवर परत कधी? दोन्ही टाचा सारख्याच जवळ येतात, उजव्या मांडीची ताकद डावीच्या जवळपास बरोबरीने आहे, एका पायावर उड्या मारताना आणि पूर्ण वेगात धावून थांबताना दुखत नाही, तेव्हा. हे अठराव्या दिवशी झालं तर जरूर खेळ. नाही झालं तर त्या दिवशी संघाच्या बाकावर बस, पुढच्या स्पर्धेला पाय तयार असेल. त्याच जागी दुसरा मार बसला तर आठवड्यांचं गणित महिन्यांवर जातं, मला तेच टाळायचंय. परतल्यावर काही आठवडे शॉर्ट्सच्या आत जाड फोमचं पॅड घाल, मधे माराच्या जागी गोल कापलेलं, म्हणजे दाब कडेने विभागला जातो. समोरच्या मुलीला लागेल असं कडक काही नको, आणि सामन्याआधी पंचांना दाखव.

काही लक्षणं दिसली तर मोजत बसायचं नाही, लगेच आपत्कालीन विभाग गाठायचा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. मांडी दगडासारखी घट्ट होत जाते आणि दुखणं कुठल्याच गोळीला दाद देत नाही. गुडघा जरासा हलवला तरी कळ असह्य होते. पाय बधिर होतो, पाऊल हलवता येत नाही. याचा अर्थ बंद कप्प्यात दाब इतका वाढलाय की स्नायूला रक्तच मिळत नाही, आणि तिथे शस्त्रक्रियेला काही तासांचीच मुदत असते. असं बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच होतं, तू त्यातून पार झालेली दिसतेस, पण पुन्हा मार लागला तर लक्षात असू दे. याशिवाय ताप आणि मांडीवर लाली, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, किंवा पाय सरळ उचलताच न येणं, यांसाठीही त्याच दिवशी डॉक्टर.

मुलींना मी नेहमी विचारते तो प्रश्न तुलाही विचारते. लहानपणापासून थोडं लागलं तरी मोठं काळं-निळं पडतं का? दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नव्हतं का? पाळीत फार रक्त जातं, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं असं आहे का? यातल्या एखाद्याचंही उत्तर हो असेल तर डॉक्टरांना सांगून रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घे. रक्त नीट न गोठण्याचे काही आनुवंशिक आजार मुलींमध्येही असतात, आणि कित्येकींना ते अशाच एखाद्या मोठ्या माराच्या निमित्ताने पहिल्यांदा कळतात.

राहता राहिलं सरांना सांगण्याचं. तू पायाऐवजी हाताला मार लावून घेतला असतास तर त्याच संध्याकाळी सांगितलं असतंस, हे मला माहीत आहे. मांडी आहे म्हणून गप्प राहिलीस. मुलींच्या मांडीचे मार असेच लेगिंगखाली लपून राहतात, आणि त्यातच पहिले तीन मोलाचे दिवस निघून जातात. सरांना मांडी दाखवायची काहीच गरज नाही. त्यांना तोंडी सांग, जमत नसेल तर मेसेज कर: ‘मांडीला खोल मुका मार आहे, गुडघा ९० अंशही वाकत नाही, डॉक्टरांना दाखवते आहे, तोवर सराव नाही.’ तपासणीला बाई डॉक्टर किंवा बाई फिजिओ हवी असं मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. रुग्णालयातही सोबत आई किंवा मैत्रीण थांबू शकते.

सरांसाठीही दोन ओळी, ही त्यांना दाखव. सर, तुमच्या किटमध्ये बर्फाची पेटी आणि १५ सेंटिमीटरची चार क्रेप बँडेज कायम असू द्या, आणि संघातल्या एका मुलीला गुडघा दुमडून बांधायचं शिकवून ठेवा. लागलं असं सांगणाऱ्या मुलीचं नाव यादीतून जाणार नाही, हे त्यांना हंगामाच्या पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. नाही तर त्या लपवतील, आणि तुमची चढाईपटू तीन आठवड्यांऐवजी सहा महिने बाहेर बसेल.

सोनोग्राफीत काय आलं ते मला कळव. रोजच्या मोजमापाचे आकडेही पाठव, आणि तिसऱ्या आठवड्यात मांडीत टणक गाठ हाताला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून नवा एक्स-रे काढून घे.

तुझी,
डॉक्टर ताई